एका जुन्या रिव्हॉल्व्हरची संपादित आवृत्ती

‘पूर्ववत करणे’ हा शब्दप्रयोग आपण फार सहजपणे वापरतो. पडका वाडा पूर्ववत केला, फाटकी पोथी पूर्ववत केली, असे म्हणताना त्यातील ‘पूर्व’ म्हणजे नेमके केव्हा, हे आपण विचारत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पाठचिकित्सा नावाचे शास्त्र त्याच्यावरच उभे आहे. परंतु एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ग्रंथांच्याच संदर्भात विचारला गेला की त्याची धार बोथट होते, उत्तरे पाठ होतात आणि ग्रंथाविषयीचा आदर विचाराच्या आड येऊ लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात एक आडवळणाचे उदाहरण घ्यावयाचे योजले आहे. ते आहे अमेरिकेत शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरचे. असे एखादे रिव्हॉल्व्हर जुन्या बाजारातून घेऊन त्याची डागडुजी करणे, त्याला नवे रूप देणे, आपल्या हाताच्या मापाचे करून घेणे, हा तिकडे अनेकांचा छंद आणि काहींचा व्यवसाय आहे.

हा विषय मराठी साहित्यविचाराला सर्वस्वी परका आहे, हे मान्य. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यांमुळे अशा वस्तूशी आपल्यापैकी बहुतेकांचा आयुष्यभर संबंध येत नाही. पण हे परकेपण येथे उपयोगाचेच आहे. जिच्याविषयी आपल्या मनात भक्तिभाव नाही अशा वस्तूच्या बाबतीत ‘मूळ’, ‘बदल’, ‘अस्सल’ या शब्दांचे व्यवहार अधिक स्वच्छ दिसतात.

माझे म्हणणे आरंभीच सांगतो. जुन्या कृतीत बदल करणे हा दोष नव्हे. केलेला बदल लपवणे हा दोष आहे. आणि मूळ जसेच्या तसे ठेवण्याचा आग्रह दिसतो तितका निरागस नेहमीच नसतो. काही वेळा त्या आग्रहाची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. ज्या रिव्हॉल्व्हरांवर असे संस्कार सर्वाधिक होतात त्यांत ‘रुगर सुपर ब्लॅकहॉक’ हे नाव ठळक आहे. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये कनेटिकट राज्यात सुरू केलेल्या कंपनीने ते १९५९ मध्ये बाजारात आणले. साडेसात इंचांची नळी, बाहेरून खाचा नसलेला गुळगुळीत सिलिंडर, चापाभोवती मागच्या बाजूस चौकोनी वळण घेतलेले कडे आणि .४४ मॅग्नम हे काडतूस, अशी त्याची मूळ लक्षणे. प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. हरणासारख्या जनावराची, तीही बऱ्यापैकी जवळ जाऊन, शिकार करणाऱ्यांचे हे हत्यार आहे. अस्वलांच्या प्रदेशात हिंडणारे कित्येक लोक ते संरक्षणासाठीही बाळगतात.

आता या ‘मूळ’ वस्तूकडे जरा निरखून पाहिले तर काय दिसते? तिचा बाह्याकार कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या ‘सिंगल अॅक्शन आर्मी’ या रिव्हॉल्व्हरवरून घेतलेला आहे. कोल्टने त्याचे उत्पादन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थांबवले होते. पुढे सिनेमा आणि दूरचित्रवाणी यांवर काऊबॉयच्या कथांचा पूर आला आणि त्या आकाराची मागणी पुन्हा जन्माला आली. रुगरने १९५३ मध्ये लहान व्यासाचे आणि १९५५ मध्ये मोठ्या व्यासाचे असे जुन्या घाटाचे रिव्हॉल्व्हर काढले. मात्र आतील पट्टीच्या, वरचेवर तुटणाऱ्या स्प्रिंगांच्या जागी गुंडाळीच्या तारेच्या स्प्रिंगा घातल्या. चापाचे ते चौकोनी कडे तर त्याहूनही जुने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील कोल्ट ड्रॅगून रिव्हॉल्व्हरची आठवण म्हणून आलेले. नावाचेही तसेच. काडतुसाच्या नावात ४४ हा आकडा आहे, पण गोळीचा व्यास प्रत्यक्षात सुमारे ०.४२९ इंच असतो. आकडा परंपरेने चालत आला, वस्तू पुढे गेली. म्हणजे आज संग्राहक ज्याला ‘मूळ’ म्हणून जपतात तेच मुळात एका जुन्या संहितेची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे.

काडतुसाची जन्मकथाही याच जातीची आहे. आयडाहोमधील एल्मर कीथ हा गुरे राखणारा, शिकारी आणि लेखक माणूस. .४५ कोल्ट काडतुसात जास्त जोराचा भरणा करण्याच्या नादात त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटले होते. त्यानंतर तो १९०७ पासून प्रचारात असलेल्या .४४ स्पेशल काडतुसाकडे वळला, कारण त्याची भोके किंचित लहान असल्याने सिलिंडरच्या भिंती जाड राहतात. पुढची कित्येक वर्षे तो लेखांतून मागणी करत राहिला की, असे जोरकस काडतूस कारखान्यांनीच काढावे. अखेर १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन या कंपन्यांनी .४४ मॅग्नम सिद्ध केले. पुढे १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने त्याला शहरी कीर्ती मिळवून दिली आणि शिकाऱ्याच्या हत्याराचे एका नागर सूडकथेच्या प्रतीकात रूपांतर झाले. वस्तू तीच, तिचे वाचन बदलले.

अशा वस्तूचा जुना नमुना हाती आल्यावर त्याच्यावर जे काम होते त्याचे तीन प्रकार करता येतात. मी त्यांना दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि रूपांतर म्हणेन. व्यवहारात हे तिन्ही एकमेकांत मिसळतात, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा त्या मिसळण्यातच असते.

दुरुस्ती म्हणजे वस्तूचे काम पुन्हा बिनचूक चालावे म्हणून केलेला हस्तक्षेप. घोडा ओढल्यावर सिलिंडरचे भोक नळीच्या नेमक्या रेषेत येऊन थांबते की नाही, सिलिंडर पुढेमागे हलतो का, सिलिंडर आणि नळी यांच्यामधील इंचाच्या काही हजारांश भागांची फट वाढली आहे का, नळीच्या मागच्या तोंडाशी शिसे साचले आहे का, हे सारे तपासले जाते. झिजलेला भाग बदलला जातो. येथे सौंदर्याचा प्रश्न नसतो. लेखनिकाच्या हातून गळालेला काना परत घालावा, तसे हे काम आहे.

जीर्णोद्धार म्हणजे वस्तू नव्यासारखी दिसावी म्हणून केलेला हस्तक्षेप. रिव्हॉल्व्हरवरील निळसर काळी झाक हा रंग नसतो. दाहक क्षारांच्या कढत द्रावणात बुडवल्यावर पोलादाच्या पृष्ठभागाचेच एक काळसर ऑक्साइड तयार होते. ते गंजाचेच, पण शिस्त लावलेले रूप म्हणता येईल. ही झाक उडाल्यावर पुन्हा आणायची तर आधी सारा पृष्ठभाग घासून स्वच्छ करावा लागतो. या घासण्यातच खरी गोम आहे. हात कुशल नसेल तर कंगोरे गोल होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा खचतात, सपाट बाजू लाटेसारख्या होतात आणि कारखान्याने ठशाने उमटवलेली अक्षरे पुसट होत जातात. वस्तू चमकते, पण तिच्यावरचे लेखन नाहीसे होते.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चर्चच्या जीर्णोद्धारावरून झालेला वाद येथे आठवतो. जुन्या दगडावरचा काळाचा थर खरवडून त्याला नवे करणाऱ्यांच्या विरोधात १८४९ मध्ये जॉन रस्किनने लेखणी उचलली. जीर्णोद्धार हा प्रकारच त्याला असत्य वाटत होता. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठी जी संस्था काढली तिला तर लोक ‘न खरवडणारे’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखू लागले. त्या उलट फ्रान्समधील व्हिऑले-ल-द्यूक याचे मत असे की, वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिला अशा परिपूर्ण अवस्थेत आणणे, जी प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नसेलही. रिव्हॉल्व्हरचे संग्राहक या वादात रस्किनच्या बाजूचे आहेत. पुन्हा निळी केलेली वस्तू, काम कितीही सुबक असो, त्यांच्या लेखी किमतीत उतरते. झिजलेली, पण कारखान्यातून आली तशीच असलेली वस्तू त्यांना अधिक प्रिय असते.

इथवर माझी सहानुभूती संग्राहकांकडे आहे. पण पुढची हकिकत या भूमिकेला अडचणीत आणते.

कंपनीने १९५३ ते १९७२ या काळात बनवलेल्या या घाटाच्या रिव्हॉल्व्हरांत एक जन्मजात धोका आहे. त्यांचा घोडा विसावलेल्या स्थितीत असताना त्याचा भार समोरच्या काडतुसाच्या दिशेने पिनेवर असतो. रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर पडले, किंवा घोड्यावर आघात झाला, तर गोळी सुटू शकते. हा धोका नवा नव्हता. १८७३ च्या कोल्टमध्येही तो होता, आणि तो वापरणाऱ्या जाणत्यांनी त्यावर एक साधा नियम काढला होता: सहा भोकांत पाचच काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या भोकावर टेकवून ठेवायचा. हा नियम वस्तूवर कोठेही कोरलेला नव्हता. तो बापाकडून मुलाकडे, जुन्या हाताकडून नव्या हाताकडे तोंडी जात होता.

आता जुन्या बाजाराचे स्वरूप पाहा. तेथे वस्तू हस्तांतरित होते, परंपरा होत नाही. दुकानाच्या काचेआड ठेवलेले, दोन-तीन मालकांच्या हातांतून गेलेले रिव्हॉल्व्हर नवा माणूस विकत घेतो तेव्हा त्याला पोलाद मिळते, पण त्याच्याबरोबरचा तो अलिखित नियम मिळेलच असे नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. टीकापरंपरेपासून तुटलेली संहिता हाती आली की वाचक सहाही भोके भरून मोकळा होतो. फरक इतकाच की, संहितेच्या बाबतीत त्यामुळे चुकीचा अर्थ निघतो. येथे माणूस जखमी होतो किंवा मरतो. अशा घटना घडल्या, खटले झाले. १९७३ मध्ये कंपनीने आतील रचनाच बदलली. घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक छोटी पट्टी आणली. चाप पूर्ण दाबलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा आघात पिनेपर्यंत पोचवते, एरवी दोघांचा संबंधच येत नाही.

पण आधीच विकल्या गेलेल्या लाखो रिव्हॉल्व्हरांचे काय? १९८२ पासून कंपनीने असे जाहीर केले की, जुनी वस्तू कारखान्याकडे पाठवली तर तिच्यात सुरक्षिततेचे नवे भाग विनामूल्य बसवून दिले जातील. या योजनेतील एक तपशील मला विलक्षण वाटतो. दुरुस्त झालेले रिव्हॉल्व्हर मालकाकडे परत येते तेव्हा त्याच्यातून काढलेले जुने भागही त्याच्यासोबत परत येतात.

पाठचिकित्सेचे सारे नीतिशास्त्र या एका कृतीत आले आहे, असे मी म्हणेन. संपादकाने संहितेत हस्तक्षेप केला, कारण तो आवश्यक होता. पण जे काढले ते फेकून दिले नाही, वाचकाच्या स्वाधीन केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ मध्ये सुरू झालेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती याहून वेगळे काय करते? विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाची संहिता सिद्ध करताना गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य पाठातून काढली. कित्येकांच्या श्रद्धेला तो धक्का होता. पण ती कथा नाहीशी झाली नाही. ती परिशिष्टात आहे, कोणत्या हस्तलिखितांत येते याच्या नोंदीसह. ज्याला सुकथनकरांचा निर्णय मान्य नसेल त्याने तो भाग पुन्हा आपल्या वाचनात बसवावा. काढलेले भाग पिशवीत घालून परत दिलेले आहेत.

याच्या तुलनेत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण पाहावे. अपपाठांनी ग्रासलेली ज्ञानेश्वरी त्यांनी शुद्ध केली आणि आपण हे केले हे कालनिर्देशासह स्वतः नोंदवून ठेवले. हा प्रामाणिकपणा थोर आहे. परंतु त्यांनी काय वगळले आणि का वगळले, याची यादी आपल्यापाशी नाही. त्या काळाकडून तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. पण १९०९ मध्ये राजवाड्यांनी निराळ्या वळणाची ज्ञानेश्वरीची प्रत प्रसिद्ध केली तेव्हा अभ्यासकांना जी धडपड करावी लागली, तिचे कारण ही न मिळालेली यादीच आहे.

आता संग्राहकांकडे पुन्हा वळू. कंपनीची योजना विनामूल्य असूनही पुष्कळ जुनी रिव्हॉल्व्हरे आजही बदलावाचून हिंडत आहेत. बदल केल्यावर चाप ओढतानाचा जुना हलकेपणा राहत नाही, घोडा ओढताना होणारा तो क्रमाक्रमाने येणारा आवाज राहत नाही, अशी तक्रार असते. आणि मुख्य म्हणजे, बदल न केलेल्या नमुन्याला किंमत जास्त येते. म्हणून विक्रीच्या वर्णनात ‘बदल न केलेले’ हे शब्द गुण म्हणून मिरवले जातात. ज्या अवस्थेला निर्माता स्वतः धोक्याची म्हणतो, तीच बाजारात शुद्धतेची खूण ठरते. कपाटात ठेवायच्या वस्तूबाबत हे एक वेळ समजू शकते. पण वस्तू कपाटात राहीलच याची हमी कोण देणार? संग्राहक मरतो, वारस विकतात, आणि तिसऱ्याच माणसाच्या कमरेला ते रिव्हॉल्व्हर सहा काडतुसांनिशी लटकते. शुद्धतेचा आनंद एकाने घेतला, धोका दुसऱ्याच्या वाट्याला आला. मूळ संहितेच्या आग्रहाला मी निरागस मानत नाही, तो यामुळे.

याहूनही बोलके उदाहरण नळीवरच्या अक्षरांचे आहे. १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, कंपनीने आपल्या शस्त्रांवर तशा आशयाची एक ओळ उमटवली. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिने नळीवर दुसरीच ओळ उमटवायला सुरुवात केली: शस्त्र वापरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतील इशारे वाचावेत, अशी. पहिली ओळ संग्राहकांना प्रिय आहे; ती असलेले नमुने आवर्जून शोधले जातात. दुसरी ओळ सर्वांना नकोशी आहे. तिला वकिली गद्य म्हणून हिणवले जाते, आणि रूपांतराचे काम करवून घेताना ती घासून काढून टाकण्याची मागणी नेहमीची आहे.

एकाच पोलादावर, एकाच रीतीने उमटवलेल्या या दोन ओळी. एक राष्ट्राच्या अभिमानाची, दुसरी माणसाच्या जिवाची. आपण कोणती जपतो आणि कोणती खरवडतो, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. दुसरी ओळ कुरूप आहे, हे खरे. तिच्यात शैली नाही, तिचा जन्म न्यायालयाच्या भीतीतून झाला, हेही खरे. पण जी परंपरा पूर्वी तोंडी चालत होती ती तुटल्यावर निर्मात्याने ती पोलादावर लिहून ठेवण्याचा केलेला हा प्रयत्न आहे. तळटीप रसभंग करते म्हणून आपणही ती पुष्कळदा गाळतो. दलित आत्मकथनांच्या, लोकगीतांच्या, बोलीतील कथांच्या ‘सुलभ’ पाठ्यपुस्तकी आवृत्त्या करताना जे खरवडले जाते ते बहुधा असेच अडचणीचे, बेढब आणि म्हणूनच आवश्यक असते.

तिसरा प्रकार रूपांतराचा. येथे वस्तू पूर्वी होती तशी करण्याचा दावाच नसतो. नळी आखूड करणे, मूठ बदलणे, नेम धरण्याची साधने बदलणे, इतकेच काय पण सिलिंडरच नवा घडवणे, हे यात येते. या परंपरेचा आद्य नमुनाही कीथशीच निगडित आहे. त्याने अनेक कारागिरांच्या हातून एक कोल्ट रिव्हॉल्व्हर घडवून घेतले, त्याला पाचवा क्रमांक दिला आणि १९२९ मध्ये त्याविषयी ‘अमेरिकन रायफलमन’ या मासिकात लेख लिहिला. लेखाचे शीर्षक ‘शेवटचा शब्द’ अशा अर्थाचे होते. प्रत्यक्षात तो या विषयातला पहिल्यापैकी एक शब्द ठरला. १९८० च्या दशकात वायोमिंगमधील जॉन लाइनबॉ यांनी रुगरच्या सांगाड्यात सहाऐवजी पाच भोकांचा सिलिंडर बसवून .४७५ आणि .५०० व्यासांची काडतुसे सिद्ध केली. पाच भोके केली की सिलिंडर अडकवण्याच्या खाचा भोकांच्या डोक्यावर न येता दोन भोकांच्या मधल्या जाड भागावर येतात, आणि भिंत कमकुवत होत नाही. टेनेसीतील हॅमिल्टन बोवेन यांनी तर या कलेवर २००१ मध्ये एक ग्रंथच लिहिला.

अशा कामात रिव्हॉल्व्हर कोणाचे म्हणायचे? रुगरचे, की कारागिराचे? अमेरिकन कायद्याचे उत्तर गमतीचे आहे. कायद्याच्या दृष्टीने क्रमांक कोरलेला सांगाडा म्हणजेच शस्त्र. नळी, सिलिंडर, घोडा, मूठ, सारे बदलले तरी शस्त्र तेच राहते. आणि तो क्रमांक खोडणे हा मात्र गुन्हा आहे. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो की चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, आणि अखेरीस ‘रथ’ ही केवळ व्यवहारातील संज्ञा ठरते. अमेरिकन कायद्याने तात्त्विक प्रश्न न सोडवता व्यवहारापुरती एक खूण नेमून दिली, इतकेच. पण त्या खुणेचे मर्म महत्त्वाचे आहे. बदलाला मज्जाव नाही. बदललेली वस्तू मूळ कोणती होती याचा माग पुसण्यास मज्जाव आहे. रूपांतरकाराने, अनुवादकाने, एकांकिका बेतणाऱ्याने इतके पथ्य पाळले तर त्याला कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. चांगला कारागीर आपल्या कामावर आपली खूण ठेवतो, आणि त्याचे काम कारखान्याचे म्हणून खपवत नाही. जीर्णोद्धारापेक्षा रूपांतर मला अधिक प्रामाणिक वाटते ते यासाठी.

माग पुसण्याचे आणखी एक उदाहरण मुठीत दडलेले आहे, आणि तेथे आपल्या जंगलांचा अनपेक्षित संबंध येतो. अशा रिव्हॉल्व्हरांना खास मूठ बसवायची तर अक्रोडाच्या लाकडाइतकीच शिंगाच्या मुठीची हौस असते, आणि त्यातही सर्वांत मानाचे शिंग म्हणजे भारतातील सांबराचे. सांबराची शिंगे दर वर्षी गळून पडतात. ती रानातून गोळा केली जात आणि चाकूच्या व हत्यारांच्या मुठींसाठी परदेशी जात. पण गळलेले शिंग कोणते आणि मारलेल्या जनावराचे कोणते, हे सुट्या शिंगावरून सिद्ध करणे अवघड. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही निर्यात बंद केली. आता जुन्या मुठी आणि जुना साठा यांना तिकडे मोठी किंमत येते. ज्या हातांनी ती शिंगे गोळा केली त्यांचे नाव कोणत्याही मुठीवर नाही. प्रत्येक सुंदर आवृत्तीत असा एखादा निनावी पुरवठादार असतो. ओव्या सांगणारी बाई असते आणि संग्रहावर संकलकाचे नाव असते.

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. हे शेवटी जीव घेण्याचे साधन आहे. ज्या देशात २०२१ या एका वर्षात ४८ हजारांहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, तेथल्या शस्त्राच्या घडणीविषयी सौंदर्यशास्त्राच्या भाषेत बोलणे कितपत शोभते? माझे उत्तर असे की, कारागिरीची प्रशंसा करून थांबणे शोभत नाही. पण प्रशंसेचीच ही चिकित्सा आहे. घडणीचे कौतुक करताना पडल्यावर गोळी सुटते हे सांगायला विसरणे, हीच ती सौंदर्यदृष्टीची विकृती. वस्तूचे वर्णन पुरते करायचे तर तिच्या धारेचेही वर्णन करावे लागते. साहित्यकृतींनाही धार असते. जातीची, स्त्रीद्वेषाची, परधर्मद्वेषाची भाषा असलेल्या अभिजात कृती आपण वर्गात शिकवतो. त्या वेळी दोन सोपे मार्ग समोर असतात. एक, तो भाग गुपचूप घासून काढायचा आणि कृती चकचकीत करायची. दुसरा, ‘मूळ ते मूळ’ म्हणून ती कोणत्याही इशाऱ्यावाचून विद्यार्थ्याच्या हाती द्यायची. पहिला मार्ग वाईट जीर्णोद्धाराचा आहे, दुसरा संग्राहकाचा. दोन्हींत शिक्षक आपली जबाबदारी टाळतो.

म्हणून जुन्या कृतीची कोणतीही नवी आवृत्ती, संक्षेप, रूपांतर किंवा पाठ्यपुस्तकी उतारा हाती आला की तीन प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावेसे वाटते. येथे काय बदलले आहे, हे सांगितले आहे काय? जे काढले ते कोठे सापडेल, याचा पत्ता दिला आहे काय? आणि जे बदलले नाही, ते न बदलण्याची किंमत कोण मोजणार आहे? पहिले दोन प्रश्न पाठचिकित्सेने आपल्याला शिकवले आहेत. तिसरा प्रश्न ती फारसा विचारत नाही, कारण हस्तलिखित हातातून पडले तर कोणी मरत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. ते गृहीत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. शब्दांनी माणसे जखमी होतात हे आपण सभांतून बोलतो; संपादनाच्या टेबलाशी बसलो की विसरतो.

जुने रिव्हॉल्व्हर दुरुस्त करून परत पाठवताना एका कारखान्याने, कदाचित केवळ मालकाचा हक्क म्हणून, कदाचित वकिलाच्या सल्ल्याने, जुने भागही सोबत परत द्यायचे ठरवले. हेतू कोणताही असो, रीत अनुकरणीय आहे. वस्तू सुरक्षित झाली, इतिहासही हरवला नाही, आणि पुढचा निर्णय मालकाच्या विवेकावर सोपवला गेला. आपल्या संपादकांनी, अनुवादकांनी आणि पाठ्यपुस्तक मंडळांवरच्या विद्वानांनी याहून अधिक काही करावे अशी माझी अपेक्षा नाही. मात्र याहून कमीही करू नये.